कुणाच्या मापाचा कट्टा?

जुना कट्टा फोडायच्या आदल्या रात्री आम्ही स्वयंपाकघर रिकामं केलं. बरण्या बाहेरच्या सोप्यात आल्या, डबे पलंगाखाली गेले, पितळेची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर चढली. सगळ्यात शेवटी गॅससमोरचा पाट उचलला. फणसाच्या लाकडाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला. मला कळायला लागल्यापासून तो तिथंच होता. सिंकचं पाणी फरशीवर सांडतं, आईचे पाय ओले होऊ नयेत म्हणून ठेवला असेल, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत. सोप्यातल्या खुर्चीतून आई बघत होती. म्हणाली, "तेवढा टाकू नको रे. त्याच्याबिगर मला पातेल्याचं बूड दिसत न्हाई."

मी पाट हातात धरून तसाच उभा राहिलो.

आई ४ फूट ९ इंच. कट्टा ३३ इंच. त्यावर शेगडी, ती चार-पाच इंच. शेगडीवर रश्श्याचं पातेलं, ते आणखी आठ इंच. बेरीज केली तर पातेल्याचा काठ जवळजवळ तिच्या खांद्याशी येतो. म्हणजे पाट नसता तर तिला आत काय शिजतंय ते दिसलंच नसतं, आणि पाटावर उभं राहूनही ढवळताना कोपर उचलूनच धरावं लागत असणार. दर रविवारी आणि बुधवारी आमच्याकडं मटण. पांढरा रस्सा उकळी येईपर्यंत सारखा हलवावा लागतो, नाहीतर नारळाचं दूध फुटतं. तो रस्सा तिनं किती वेळा हलवला असेल? उजवा खांदा दुखतो म्हणायची तेव्हा मी मलम आणून द्यायचो. खांद्याचं दुखणं कट्ट्याच्या उंचीत आहे, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुण्याकडं ज्याला ओटा म्हणतात त्याला आमच्याकडं कट्टा म्हणतात. गंगावेशीत म्हैस समोर पिळून दुधाचा पेला हातात देतात, तो दूधकट्टा. तालमीपुढं गप्पा रंगतात, तो कट्टा. रंकाळ्यावर संध्याकाळी टेकायचं, तोही कट्टाच. कोल्हापुरात कट्टा म्हटलं की बूड टेकायची जागा. एक स्वयंपाकघरातला तेवढा सोडून. त्याच्यापुढं उभंच राहायचं.

आई १९६३ साली या घरात आली तेव्हा चूल जमिनीवर होती, शेजारी तिला जोडलेला वैल, हाताशी पीठ मळायची काटवट. धूर डोळ्यात जायचा, लाकडं ओली निघाली की फुंकून फुंकून जीव जायचा. त्या चुलीचं गुणगान मी गाणार नाही आणि आईही गात नाही. पण बसून रांधताना उंचीचा प्रश्न फारसा येत नाही. बसल्यावर सगळी माणसं जवळपास सारखीच उंच असतात. १९८३ साली गॅस आला आणि त्याच्यासाठी कडाप्प्याचा कट्टा बांधला. आईनं सांगितलं ते असं: तेव्हाच्या गवंड्यानं वडिलांना विचारलं, किती उंच घेऊ? वडील म्हणाले, सगळ्यांचा असतो तेवढा घ्या. आई तेव्हा घरामागच्या परड्यात धुणं वाळत घालत होती.

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या काळात हौसेनं, पगारातून पैसे बाजूला टाकून आईला धुरातून उठवलं. फक्त तिला जरा त्या जागी उभं करून बघायला हवं होतं, एवढंच.

माझं बोलायचं तर मी ५ फूट १० इंच, आणि गेले चौदा महिने घरातला सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. आई परड्याच्या पायरीवरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. बायको नर्स आहे, तिच्या पाळ्या बदलत्या. आधी खानावळीचा डबा लावला. आईला तो घशाखाली उतरेना. मग ती खुर्चीतून सांगायची आणि मी करायचो. भाजी, आमटी, भात जमला. झुणका जमला. भाकरी काही मनासारखी जमली नाही. पण दोन महिन्यांत कंबर धरली. कांदा चिरताना मान खाली, पाठ वाकलेली. भांडी घासताना तर त्याहून वाईट, कारण सिंकमध्ये आपण कट्ट्याच्या पातळीवर काम करत नाही, सिंकच्या तळाशी करतो, आणि तो आठ इंच खाली असतो. तोच ३३ इंचांचा दगड आईला उंच आणि मला ठेंगणा. बायकोला थोडाफार बेताचा, पण सिंक तिलाही खोल. चाळीस वर्षं आमच्या घरात जो कट्टा होता तो कुणाच्याच मापाचा नव्हता.

खरं तर काम काढायचं कारण वेगळंच होतं. भिंतीला लोणा लागला होता. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा स्वयंपाकघरात आली ती तीन फूट चढली. २०२१ च्या जुलैत परत आली आणि आधीच्या खुणेच्या चार बोटं वर गेली. ज्यांचं घर नदीकडच्या उतारावर आहे त्यांना पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लागते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ४१ झाले की आमच्याकडं शेगडी माळ्यावर जाते. पहिल्या पुरात प्लायवूडच्या ट्रॉल्या भिजून पावासारख्या फुगल्या. दुसऱ्या पुरानंतर भिंत वाळलीच नाही. टाइल्सच्या सांध्यांतून पांढरी पूड यायची, हात लावला की गिलावा भुरुभुरु गळायचा. दोन वर्षं रंग मारून भागवलं. मग एका सकाळी शेगडीमागची एक टाइल आपली आपण सुटून आमटीत पडली, तेव्हा ठरलं.

गवंडीमामा साठीच्या पुढचे, पन्हाळ्याच्या बाजूचे. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच फोडलं नाही. भिंतीवर बोटं वाजवत फिरले, एके ठिकाणी थापीच्या टोकानं खरवडलं, माती चिमटीत घेऊन चुरली. म्हणाले, "भिंत मातीची आणि वरनं सिमेंट. ओल आत कोंडली. चुन्याचा गिलावा असता तर आलेलं पाणी चार महिन्यांत निघून गेलं असतं." त्यांच्या वडिलांनी चुना दळायच्या घाण्यावर काम केलेलं. ते ज्ञान मामांच्या हातात उतरलेलं होतं, पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी चुन्याचं काम सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "वेळ लागंल." चुना सिमेंटसारखा रातोरात धरत नाही. तो हवा खाऊन हळूहळू दगड होतो. पंचवीस दिवसांचं काम सात आठवड्यांवर गेलं, त्यातला बराचसा काळ या चुन्याचा. मला त्याची खंत नाही. टाइल्स फक्त शेगडीमागं आणि सिंकमागं बसवल्या, बाकी भिंत चुन्याची मोकळी ठेवली.

टाइल्स उतरल्या तेव्हा खालून काळीभोर भिंत निघाली. वीस वर्षांची चुलीची काजळी. १९८३ सालच्या घाईत तिच्यावरच गिलावा चढवला होता. तेलकट काजळीवर गिलावा धरत नाही, म्हणून ती सगळी तासून काढावी लागली. दोन दिवस घरभर जुन्या धुराचा वास होता. खरमातीच्या पोत्यांची संख्या मोजायची मी सोडून दिली.

या सात आठवड्यांत सोप्यातला एक कोपरा आमचं स्वयंपाकघर होता. जुन्या टेबलावर शेगडी, खाली शेजारी सिलिंडर. आईचं म्हणणं होतं की शेगडी जमिनीवर ठेव, मी खुर्चीतून बघतो. (आई अजून 'मी बघतो, मी येतो' असंच म्हणते, कोल्हापुरातल्या तिच्या वयाच्या बायका म्हणतात तसं. माझ्या मुलीला याचं फार अप्रूप आहे.) पण शेगडी सिलिंडरपेक्षा वरच हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तेव्हा टेबलच. ते ३० इंचांचं निघालं, आणि गंमत अशी की आई त्याच्याशेजारी खुर्चीवर बसली की तिला कढईचं बूड व्यवस्थित दिसायचं. शेंगदाण्याची आमटी ढवळायला तिनं आपणहून पळी मागितली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी ते लक्षात ठेवलं.

भांडी न्हाणीत घासायची. दोन वेळची भाकरी शेजारच्या काकींकडून यायची. त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी घणाचा आवाज ऐकला आणि संध्याकाळी त्या टोपली घेऊनच आल्या. वर वाटीत कोरड्यास. कधी घेवडा, कधी मेथी, कधी नुसता खर्डा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आईची सक्त शिस्त. पण आमच्या घरात शिजवलेलं असं काही नव्हतंच जे त्या टोपलीत घालावं. आईनं विचार करून गूळ काढायला सांगितला. रोज टोपलीत गुळाचा एक खडा जायचा. सात आठवड्यांत एक अख्खी ढेप संपत आली. काकींनी एकदाही "कशाला" म्हटलं नाही. तो खडा त्या देवापुढं ठेवून मग घरात घ्यायच्या, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.

मोठा पेच पडला तो चटणीचा. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाची लाल कांदा-लसूण चटणी, आणि ती उन्हाळ्यातच होते. लक्ष्मीपुरीतून मिरच्या आणायच्या; रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी, आणि मिळाली तर संकेश्वरी. देठं खुडायची, गच्चीवर उन्हं दाखवायची, कांदा वाळवून तळायचा, खोबरं, तीळ, धणे भाजायचे, मग डंकावर कुटून आणायची. यातली एकही पायरी धुळीत होत नाही. आणि आमच्या घरात चमचाभर दूध झाकून ठेवलं तरी त्यावर सिमेंटची साय यायची. आई म्हणाली, "चटणी यंदा विकतची आणली तर मी जेवणार न्हाई." तिनं हे रागानं म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. काम चटणीआधी संपवायचं ठरलं होतं. पण मध्ये जोतिबाची चैत्र यात्रा आली. मामांच्या गावची सासनकाठी, देवाच्या मानाची उंच काठी. तिला खांदा द्यायचा मान त्यांच्या भावकीत आहे. ते पाच दिवस येणार नाहीत हे त्यांनी कामाला हात लावायच्या आधीच सांगितलं होतं, आणि मी तेव्हाच हो म्हटलं होतं. गुलालानं माखलेले कान घेऊन सहाव्या दिवशी ते परत आले आणि आईच्या हातावर प्रसाद ठेवला. चटणी शेवटी काकींच्या गच्चीवर वाळली. आई रोज दुपारी दोघांच्या आधारानं त्यांच्या दारापर्यंत जायची आणि खाली बसून वरच्यांना सूचना द्यायची. चटणी नेहमीसारखी झाली. बरणीत भरताना वर हिंगाचे खडे तिनं स्वतः ठेवले.

आता मापाचं सांगतो.

यात्रेहून आल्यावर मामांनी विचारलं, "कट्टा किती उंच घेऊ?" तोच प्रश्न, ज्याला वडिलांनी एका वाक्यात उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, आम्हा सगळ्यांचं माप घ्या. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मी नव्या चुन्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, कोपर काटकोनात दुमडलं, त्यांनी खूण केली. मग बायको रात्रपाळी करून आली होती ती, तशीच युनिफॉर्मवर. मग मुलगी. शिकलेली माणसं सांगतात ते असं की कोपराच्या चार ते सहा इंच खाली काम आलं तर खांदाही उचलावा लागत नाही आणि पाठही वाकत नाही. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पीठ मळताना आणखी खाली लागंल. जोर वरनं येतो." हे कुठल्या पुस्तकातून नव्हे, रंधा मारून आलेलं. ते बरोबरच होतं.

आईचं माप घ्यायला वेळ लागला. ती म्हणत होती माझं कशाला, मी आता कुठं करतो. शेवटी खुर्ची आणली. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला डॉक्टरांनी जमिनीवर आणि बुटक्या पाटावर बसायला मनाई केली आहे. गुडघ्यापेक्षा खुबा खाली जाता कामा नये. त्यामुळं १८ इंचांची खुर्ची कायमची. त्या खुर्चीत बसून तिनं हवेत भाकरी थापून दाखवली. डोळे मिटून. उजव्या हाताचा पंजा पसरून, डाव्यानं फिरवत. मामा गुडघ्यावर बसले, तिच्या तळव्याखाली टेप धरला आणि वाचला, "सत्तावीस."

मग आकडे ठरले. चिरायचा भाग आणि सिंक ३७ इंच. शेगडीचा भाग ३२. कोपऱ्यात खिडकीखाली, खाली पाय घालायला मोकळी जागा ठेवून, २७. मामांनी बराच वेळ कागदाकडं बघितलं. "ह्यो कट्टा हाय का जिना?" ते म्हणाले. त्यांचे आक्षेप खरे होते. एका पातळीवरची ग्रॅनाइटची पट्टी स्वस्तात बसते. तीन पातळ्यांना तुकडे जास्त, कडा जास्त, आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात पीठ-पाणी अडकणार. उद्या घर विकायचं झालं तर घेणारा काय म्हणेल, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेणाऱ्याला फोडू दे आणि त्याच्या मापाचा करू दे. कोपऱ्यांचं उत्तर त्यांनीच शोधलं. दगडाच्या कडा आतून गोल घासून घेतल्या, फडकं एका फिरवणीत निघतं.

कट्ट्याखाली प्लायवूड नाही. उभे कडाप्पे आणि स्टीलच्या जाळ्या. पाणी आलं तर येईल आणि जाईल, आम्ही पाइपनं धुऊन काढू. प्लगचे सगळे पॉइंट पाच फुटांवर, बायकोला हात उंच करावा लागतो पण ते तिनंच सांगितलं. जुना कडाप्पा फोडताना तीन तुकडे झाला. लिंबू, चिंच, आमसूल यांचे पांढरे डाग त्यावर जागोजाग. कडाप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट त्याला खातं. त्यातला एक धड तुकडा आता खालच्या फळीला आहे. बाकीचे परड्यात नळाखाली.

एक गोष्ट मामांनी दाखवली तेव्हा लक्षात आली. दाराच्या चौकटीवर आम्ही पुराच्या खुणा केल्या आहेत, २०१९ ची आणि तिच्यावर २०२१ ची. ३७ इंचांची रेघ त्यांनी पाणसळ लावून दोरीनं चौकटीपर्यंत ताणली तर ती बरोबर त्या दोन खुणांच्या मधून गेली. मी चिरायला उभा राहणार ती उंची नदी एकदा बघून गेली आहे. पाऊस तोंडावर आहे. सिंकच्या वरच्या कोनाड्यात एक कप्पा मोकळा ठेवलाय, शेगडी उचलून ठेवायला.

गेल्या गुरुवारी पहिला स्वयंपाक केला. दूध उतू घातलं, देवापुढं साखर ठेवली. पाट आता माळ्याखाली असतो; मुलगी वरचा डबा काढायला त्याच्यावर चढते. आई खिडकीखाली येऊन खुर्चीत बसली. आधी तिनं दगडावरून हात फिरवला, गार लागला असावा, हात जरा तिथंच ठेवला. मग म्हणाली, "काटवट आण. मी करतो, तू भाज."

चौदा महिन्यांनी तिचा हात पिठात गेला. पहिली भाकरी थापताना मधूनच थांबली, दम घेतला, परत थापली. मी तव्याशी उभा. भाकरी उचलून तिनं माझ्याकडं केली, मी तळव्यावर घेतली आणि तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. कडेला जरा चिरली होती. ती मान वळवून तव्याकडंच बघत होती. बसल्या जागेवरून तिला तवा दिसत होता.

"पीठ उकडलं न्हाई नीट," ती म्हणाली. "पाणी कोमट घातलंस. दुसरं ठेव, चांगलं खळखळू दे."

मी पाणी ठेवलं.